छातीत पाणी, मनात जळण

पहिलं सांगते ते हे, की गोळ्या सोडायच्या नाहीत. चांगला विचार करा, मन खंबीर ठेवा, हे सगळेच सांगतात आणि पुढे मी पण तेच सांगणार आहे, पण गोळ्या घेऊन. नुसतं मन चांगलं ठेवलं की छाती साफ होते असं ज्यांना वाटतं, त्यांनी माझं पुढचं वाचू नये.

मला लिहायची सवय नाही. नववीत शाळा सुटली. टीबीच्या गोळ्या मिळतात तिथल्या मॅडम बोलल्या, पूनम, तुझ्यासारख्या तान्ह्या बाळांच्या आया येतात, नाव ऐकून घाबरतात, परत येतच नाहीत, तू तुझं सांग त्यांना. म्हणून मी फोनमध्ये बोलून बोलून लिहितेय. दम लागला की थांबते, मग परत चालू करते.

आणि यात मी काही फार चांगली बाई दिसणार नाही. भीती तर वाटलीच, पण खरं सांगू, भीतीपेक्षा जास्त मी जळली. माझ्या जावेवर.

पांढरी बाजू

ओवी चार महिन्यांची असेल तेव्हा. आम्ही कल्याणजवळ मोहन्याला राहतो, चाळीत वरच्या मजल्यावर. सासूबाई, मोठे दीर, जाऊ दर्शनाताई, त्यांचा वर्षाचा शिवांश, आणि आम्ही तिघं. नितेश, म्हणजे माझा नवरा, टेम्पो चालवतो, घोडबंदर रोडच्या टॉवरांमध्ये लोकांचं फर्निचर पोचवतो.

मला जिना चढताना दम लागायला लागला. पाण्याची बादली घेऊन वर आली की दाराशीच बसायची. मग कोरडा खोकला, संध्याकाळी कणकण, ओवीला पाजताना उजव्या कुशीत सुई टोचल्यासारखं. सासूबाई बोलायच्या, "ओलं अंग हाय बाय, बालंतिनीला व्हतं असं," आणि डिंकाचा लाडू हातावर ठेवायच्या. मी पण तेच धरून बसली. ओलं अंग बोललं की बरं वाटतं ना, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं.

एक दिवस ओवीला पाळण्यातून उचललं आणि श्वासच पुरेना. नितेश कल्याणला घेऊन गेला, सासूबाई ओवीला घेऊन सोबत. डॉक्टरने एक्सरे उजेडावर धरला. एक बाजू काळी, बरगड्या दिसतात तशी. दुसरी बाजू खालून अर्ध्यापर्यंत पांढरी, ग्लासात दूध ओतल्यासारखी. डॉक्टर बोलले, हे छातीत पाणी आहे, बहुतेक टीबीचं, ठाण्याला मोठ्या दवाखान्यात भरती करा.

टीबी हा शब्द आला आणि सासूबाईंनी माझ्या मांडीवरून ओवीला घेतलं. ओढलं नाही, हळूच घेतलं, झोपलेलं पोर उचलतात तसं. ओवी जागी होती. माझ्याकडे बघत गेली.

फोनमधली दर्शनाताई

ठाण्याला पाठीतून सुई घालून पाणी काढलं, शहाळ्याच्या पाण्यासारखं पण पिवळट, बाटली भरून. मग नाकाला नळी आणि बोटाला ते चिमट्यासारखं मशीन, त्यात आकडा दिसतो. आकडा नव्वदच्या वर हवा, एवढं मला सिस्टरने शिकवलं.

ओवीला घरी डब्याचं दूध लावून बघितलं. पावडरचं दूध ती पोटात ठेवेना, सगळं बाहेर. बाटलीची निप्पल तोंडात घेतली की जिभेने ढकलायची. रडून रडून निळी पडायला लागली तेव्हा दर्शनाताईने तिला छातीशी घेतलं. शिवांश अजून अंगावर पीत होता, तिला दूध होतं.

हे मला नितेशने कौतुकाने सांगितलं. व्हिडिओ कॉल लावला, बोलला, "बघ, कशी गप्प झोपली." फोनमध्ये दर्शनाताईचा हिरवा गाउन, त्यात ओवीचं डोकं आणि एक कान. दर्शनाताई हळू आवाजात बोलली, "पूनम, तू काळजी नको करू हां. पिते पोटभर."

मी "बरं ताई" बोलली. बोटावरचा आकडा खाली आला. सिस्टर धावत आली, नळी बघितली, मला उठवून बसवलं. विचारलं, काय झालं? मी बोलली, काही नाही, घरचा फोन होता.

पोट भरलं तिचं, माझी मुलगी जगली, मला आनंद व्हायला पाहिजे होता. झाला पण, पण तो खाली कुठेतरी, आणि वर हे सगळं. तिचा तो कान मी बघितला ना, मला वाटलं तो कान पण आता दर्शनाताईचा आवाज ओळखणार. ओवीने तिला आई म्हणायला अजून खूप अवकाश होता, पण मी आजच ऐकत होती. आणि माझं काही झालं तर? पोर कुणाकडे जाणार हा प्रश्नच नव्हता. सगळं ठरल्यासारखं, तयार. माझी जागा मी जायच्या आधीच भरलेली.

मग मी काय करायची, दर्शनाताईत खोट शोधायची. तिचे पाय मोठे आहेत. ती पोळी जाड लाटते. शिवांशला काजळ लावताना वाकडं लावते. असं करत करत दिवस जायचा, आणि रात्रीच्या जेवणाचं ताट तसंच परत.

काकू

पलीकडच्या खाटेवर डोंबिवलीच्या काकू होत्या, शाळेत शिकवायच्या, आता रिटायर. त्यांच्यावर पण मी जळायची. त्यांची मुलगी ऑफिस करून रोज यायची, केस विंचरून द्यायची, डब्यात घरची खिचडी. माझ्याकडे नितेश यायचा तो टेम्पोच्या फेरीमध्ये, खाली गाडी चुकीची लावून, अर्धं लक्ष खिडकीकडे. आणि काकू सकाळी उठून मोठ्याने बोलायच्या, "मी बरी होत आहे. माझं शरीर मला साथ देत आहे." मला वाटायचं, ज्यांचे केस कुणी विंचरून देतं त्यांना सोपं आहे हे बोलायला.

काकू मला पण शिकवायला बसल्या. "डोळे मिट. तुझी आवडती जागा आठव. तिथे तू अगदी शांत बसली आहेस."

माझं माहेर खडवलीचं. मी नदी आठवली. पाण्यात पाय सोडलेत, मांडीवर ओवी. जरा बरं वाटलं. तेवढ्यात काठावर दर्शनाताई आली, हिरवा गाउन घालून, बोलते, आण इकडे, भूक लागली तिला.

मी डोळे उघडले. "काकू, माझ्या नदीवर पण जाऊ येते."

काकू एवढ्या हसल्या की त्यांना ढास लागली, सिस्टर आम्हा दोघींना ओरडली. मग मी त्यांना सगळं सांगितलं, दूध, फोन, कान, सगळं. मला वाटलं आता बोलतील, असा वाईट विचार करू नये, ती तुझ्या मुलीला वाचवतेय. त्या तसं काही बोलल्या नाहीत. बोलल्या, "साहजिकच आहे. मीसुद्धा जळले असते." नंतर जरा विचार करून, "तिला हाकलू नकोस, हाकललं की ती परत येणार. तू असं काहीतरी आठव की जिथे ती मावणारच नाही."

सिस्टरने मला सांगितलेलं की दूध दाबून काढत राहा, नाहीतर आटेल. गोळ्या नीट लागू पडल्या, तपासणी झाली की घरी जाऊन पाजता येईल, मास्क लावून. पण पडद्यामागे वाटी धरून बसली की थेंब दोन थेंब, बस. सिस्टर बोलायची, टेन्शन घेतलं की पान्हा चोरतो. मी बोलायची, सिस्टर, टेन्शन मी घेत नाही, ते घरून फोनवर येतं.

त्या दिवशी वाटी घेऊन बसली आणि काकूंचं आठवलं. जिथे ती मावणार नाही. मी नदी सोडली, घर सोडलं, ओवीचं तोंड पण सोडलं, कारण तोंड आठवलं की ते कुणाच्या तरी छातीशी दिसायचं. मी नुसती तिच्या मानेची वळी आठवली. तिथे दूध ओघळून साचतं, मग आंबूस वास येतो, ओल्या फडक्याने पुसलं की ती खांदे वर करते, मान आखडून घेते. एवढंच. बोटभर जागा. तिथे दर्शनाताईच काय, नितेश पण मावत नव्हता.

दोन्ही बाजूंनी झिणझिण्या आल्या आणि वाटीत आवाज यायला लागला. मी रडली. गोळ्यांनी लघवी आणि डोळ्यांचं पाणी नारिंगी होतं, हे सांगून ठेवते, मला कुणी आधी सांगितलं नव्हतं आणि मी पहिल्यांदा रक्त समजून किंचाळलेली. तर तसे नारिंगी डोळे पुसत मी पडद्याबाहेर आली आणि काकूंना वाटी दाखवली. काकूंनी चष्मा लावून बघितली, जसा कुणाचा निबंध बघतात.

त्यानंतर रोज हेच करायची. श्वास घ्यायच्या व्यायामाला पण हेच. आधी श्वास अर्ध्यावर अडायचा, कारण मी घाबरून खांदे वर ओढायची. वळी आठवली की खांदे आपोआप खाली यायचे. आकडा काही रोज चढायचा नाही, खोटं कशाला बोलू, गुण गोळ्यांनीच येत होता, डॉक्टरही तेच बोलले. पण ताट रिकामं जायला लागलं. झोप लागायला लागली. सुई दिसली की हात मागे घेणं बंद झालं. आणि दूध आटलं नाही. हे गोळ्यांनी झालं असं मला कुणी सांगितलं तर मी मानणार नाही.

जळण मात्र होतीच. ती गेली की मग चांगला विचार करीन, असं बसून राहिली असती तर आजपण तिथेच बसली असती. दोन्ही एकत्र चालतात.

मुंगी

घरी सोडलं तेव्हा डॉक्टरने नितेशला समोर बसवून सांगितलं, दुधातून टीबी जात नाही, हिने मास्क लावून पाजायचं. ओवीला पण तपासलं, तिला रोजचं औषध दिलं. सगळं नीट.

घरी सासूबाईंनी माझं दूध बघितलं. गोळ्यांमुळे त्याला किंचित केशरी झाक होती. "यो काय दूध हाय? हलदीचा पानी," त्या बोलल्या. "मना पोरीच्या जिवाची भीती हाय. थांब, मुंगी बगू."

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. आमच्याकडच्या जुन्या बायका दूध खराब आहे का ते मुंगीवर बघतात. वाटीत दूध काढायचं, त्यात मुंगी सोडायची. जगली तर दूध चांगलं, मेली तर विषारी.

अडवायला अंगात दम पण नव्हता आणि आतून मला पण वाटत होतं की बघूच. दवाखान्यात एवढं शिकून आली, पण घरच्या फरशीवर बसली की परत तीच पूनम. मी भिंतीकडे तोंड करून वाटी भरली. सासूबाईंनी गुळाच्या डब्याजवळून एक लाल मुंगी उचलली आणि सोडली. मुंगीने पाय झाडले, गोल फिरली, थांबली.

"मेली," सासूबाई बोलल्या. त्यांना पण बरं नव्हतं वाटत, तोंड उतरलं होतं त्यांचं. नितेश बोलला, "आई, काय हे," पण दरवाजातूनच, आणि तिथेच उभा राहिला. माझ्या छातीत परत ते पाणी भरल्यासारखं झालं. ओवी आतल्या खोलीत होती. मला वाटलं, संपलं, ती आता माझ्याकडे येत नाही.

दर्शनाताई कपडे वाळत घालून आली, शिवांश कडेवर. वाटी बघितली, मला बघितलं. काही न विचारता शिवांशला खाली ठेवला, मांडणीवरून दुसरी वाटी घेतली आणि आमच्याकडे पाठ करून बसली. वाटी आणून सासूबाईंसमोर ठेवली.

"आई, अजून एक मुंगी द्या."

"तुज्या दुधाला काय झालंय?"

"द्या तर."

सासूबाईंनी सोडली. ती पण गोल फिरली आणि थांबली. नितेश पण आत आलेला, आम्ही चौघंही वाकून बघत होतो, शिवांश पाचवा, त्याला वाटीत हात घालायचा होता.

"माझ्यात पण मेली," दर्शनाताई बोलली. "आता काय, दोघींची पोरं चहाखारीवर वाढवायची?"

"तुजं दूध दाट हाय. बुडली ती."

"आणि हिच्यात काय पोहायला गेलेली?"

नितेशला हसू आलं, त्याने तोंड फिरवलं. सासूबाईंनी दोन्ही वाट्या जवळ ओढल्या. मग बोलल्या, "आमची आजी अशीच बगायची गो." आणि वाट्या उचलून मोरीत ओतल्या, स्वतःच घासल्या. त्यानंतर पाजण्यावरून त्या एक शब्द बोलल्या नाहीत.

तुम्हाला वाटेल आता माझी जळण गेली असेल. वाढली. आधी ती माझ्या मुलीला दूध द्यायची, आता माझं दूध पण तिनेच मला परत दिलं. उपकार करायचे तर निदान एखादा माझ्यासाठी ठेवायचा ना.

गाउन

ओवी माझ्याकडे येईना. मांडीवर घेतलं की पाठ ताणायची, मास्क बघून ओठ काढायची. छातीशी नेलं की तोंड फिरवून दर्शनाताईच्या खोलीच्या दिशेने रडायची. मी वळी आठवायची, दूध यायचं, माझ्याच कपड्यावर सांडायचं, आणि वळीवाली पोरगी समोर असून माझी नाही. आठवणीत सोपं होतं.

दर्शनाताई बोलली, "माझा गाउन घाल. वासाची सवय झालीय तिला."

मी नाही बोलली. तो हिरवा गाउन. मला तो फोनमध्ये बघून बघून पाठ झालेला. माझ्या मुलीने मला घ्यावं म्हणून मी दुसरी बाई व्हायचं? मी दोन दिवस घातला नाही. ओवी दोन दिवस माझ्याकडे प्यायली नाही. मग घातला. मोठा होत होता मला, आजारात मी वाळलेली. त्याला मोहरीच्या तेलाचा, शिवांशच्या पावडरीचा वास. ओवीने गाउनात नाक खुपसलं, शोधलं, आणि प्यायला लागली. डोळे मिटून. डोळे उघडले की समोर मी दिसणार म्हणून मी हलली पण नाही.

मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्या बोलल्या, छान झालं की. झालं छानच. पण ज्यांच्यावर अशी वेळ आलीय त्यांना सांगते, छान असलं तरी ते गिळायला वेळ लागतो. चांगला विचार म्हणजे तोंडावर हसू नाही. मला तरी त्याचा एवढाच अर्थ कळला, की त्या दिवशी काय करता येईल ते बघायचं, आणि मनाला एक अशी जागा द्यायची जिथे त्याला धाप लागत नाही. मग गाउन कुणाचाही घालावा लागो. घाबरायला झालं तर घाबरा. जळायला झालं तर जळा. पण ताट रिकामं करा आणि गोळी चुकवू नका.

काही दिवसांनी गाउन धुवायला टाकला होता आणि ओवी भुकेने उठली. माझ्या अंगावर माझाच, बिनबाह्यांचा, लग्नातला जुना ड्रेस. मी दर्शनाताईला हाक मारणार होती. तोंडापर्यंत आलेली. मग म्हटलं, एकदा. गादीवर बसली, मास्क लावला, तिला घेतलं. ती जरा कुरकुरली, नाक घासलं, थांबली. मला वाटलं आता पाठ ताणणार. तिने तोंड उघडलं आणि घट्ट धरलं.

ती गिळत होती त्याचा आवाज खोलीभर येत होता. दर्शनाताई दारात आली, हातात शिवांशची वाटी.

"पिते?"

"पिते."

"चावते का?"

"हो."

"मग माझ्याकडेच शिकलीय," ती बोलली, हसली, पण जायला वळली नाही. तिथेच उभी. माझी परत तीच जळण, जुनी. आणि तिच्या तोंडाकडे बघितलं तर मला दिसलं की तिला पण काहीतरी होतंय. तिचा हात आपोआप छातीवर गेला होता.

ओवीने आवाज ऐकून मला सोडलं. मान वळवून तिच्याकडे बघितलं, दुधाने भरलेलं तोंड घेऊन हसली. मी श्वास धरून बसली.

"बघतेस काय माझ्याकडे," दर्शनाताई तिला बोलली. "आईचं पी गप."

मी गादीवर सरकून जागा केली. "ताई, बसा ना."

ती बसली. ओवीने दोघींकडे एकदा बघितलं आणि परत प्यायला लागली.